टोल भरणारी एसटी आणि टोल माफ असलेली मोटार

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : इलेक्ट्रिक वाहन खरेदीवरचे अनुदान कुणाला आणि कशासाठी

महोदय,

सादर नमस्कार.

ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. त्याच द्रुतगती मार्गावरून डिझेलची एसटी जाते तेव्हा ती टोल भरून जाते, आणि तो टोल शेवटी तिकिटातूनच निघतो. म्हणजे पंचवीस लाखांच्या गाडीत एकटा बसून निघालेला गृहस्थ फुकट, आणि त्याच्या मागच्या बसमधले चाळीस जण पैसे मोजून. इलेक्ट्रिक बसलाही टोल माफ आहे, हे मला ठाऊक आहे. पण एसटीच्या ताफ्यात अशा बस अजून किती, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल एका वेळेला ३२० रुपये. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून पुण्याला येऊन रविवारी परतणाऱ्याचे वर्षाला तेहतीस हजार वाचतात. आपल्याच इलेक्ट्रिक वाहन धोरणात प्रवासी रिक्षावाल्याला मिळणारे अनुदान आहे कमाल ३० हजार, तेही आयुष्यात एकदा. त्या मोटारवाल्याला तेवढे दरवर्षी, आणि त्यासाठी एक अर्जही करायला नको.

मी निवृत्त बँक कर्मचारी. नोकरीतली बरीच वर्षे एका बँकेच्या वाहनकर्ज विभागात गेली, त्यामुळे सरकारी अनुदान कोटेशनच्या कागदावर उतरते तेव्हा त्याचे काय होते हे जवळून पाहिले आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना माझा विरोध मुळीच नाही. उलट त्या लवकर याव्यात म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. मागणी एकच आहे : अनुदान गाडीच्या मालकीवर देऊ नका, तिच्या धावण्यावर द्या.

२९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या धोरणात २०३० पर्यंत १,९९३ कोटी रुपये ठेवले आहेत. दुचाकीला कमाल १० हजार, तीनचाकीला ३० हजार, खासगी मोटारीला दीड लाख, बसला २० लाख. खासगी मोटारींची मर्यादा दहा हजार गाड्यांची, म्हणजे या एका ओळीचे दीडशे कोटी. एकूण तरतुदीत ही रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. पण दीड लाख ही नुसती सुरुवात आहे. पेट्रोलच्या खासगी मोटारीवर राज्य किमतीनुसार ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर घेते. इलेक्ट्रिकला तो माफ. पंचवीस लाखांच्या गाडीमागे हे झाले सव्वातीन लाख. त्यावर टोल. केंद्राचा जीएसटी ५ टक्केच, तो वेगळा. एवढ्या सवलती एका गाडीवर जमा होतात आणि ती गाडी दिवसातले बावीस तास पार्किंगमध्ये आच्छादन घालून उभी असते.

जरा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण कुठल्याही वाहनकर्ज अधिकाऱ्याला पटतील असे आहेत. घरची मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास धावते. शहरातली शेअर रिक्षा दिवसाला शंभर-सव्वाशे, म्हणजे सुट्ट्या आणि आजारपण वजा जाता वर्षाला पस्तीस हजार. एसटीची बस रोज तीनशे धरली तर वर्षाला लाखभर. आता अनुदानाला या आकड्यांनी भागा. मोटारीत वर्षाच्या प्रत्येक किलोमीटरमागे सरकारचे पंधरा रुपये गेले. रिक्षात ८५-८६ पैसे. बसमध्ये वीस रुपये दिसतात खरे, पण बसमध्ये सरासरी तीस माणसे धरली तर माणशी सत्तर पैशांच्या आत. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा, माणशी दहा रुपये. सरकारच्या पैशाने धूर कमी करायचा असेल तर हाच पैसा रिक्षा आणि बसकडे गेल्यावर दसपटीहून जास्त काम करतो.

याला आणखी एक बाजू आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बॅटरी बनवतानाच बराच कार्बन हवेत गेलेला असतो. पेट्रोलच्या गाडीच्या तुलनेत इलेक्ट्रिक गाडी कारखान्यातून बाहेर पडते तीच डोक्यावर कर्ज घेऊन, आणि ते ती फेडते फक्त धावून. आपली वीज अजून बहुतांश कोळशाची असल्याने फेड हळू होते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरचा धूर कमी होतो, त्यातला काही चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्यांतून निघतो. तरीही एकूण हिशेब इलेक्ट्रिकच्याच बाजूने लागतो, पण गाडी भरपूर धावली तर. उभ्या इलेक्ट्रिक मोटारीने हवेवर कसलेही उपकार केलेले नसतात. ती ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावी. माझ्या शेजाऱ्याने घेतली आहे, छान आहे, आवाज नाही. पण त्यासाठी कन्नडच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या बाईच्या करातून दीड लाख का जावेत?

यावर उत्तर ठरलेले असते : श्रीमंतांनी आधी घेतल्याशिवाय किंमत खाली येत नाही. दहा वर्षांपूर्वी हे उत्तर बिनतोड होते. २०१० मध्ये बॅटरीचा एक किलोवॅट-तास, म्हणजे एक युनिट वीज साठवण्याची क्षमता, हजार डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये तो ११५ डॉलरच्या आसपास आला. ज्यांनी तेव्हा अनुदान दिले त्यांनी जगावर उपकारच केले. पण ते काम आता झाले आहे. आपल्याच नागपूरचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे म्हटले की, लोक आता स्वतःहून इलेक्ट्रिक आणि सीएनजी गाड्या घेत आहेत, फार अनुदानाची गरज राहिलेली नाही. त्यानंतर महिन्याभरात आलेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटी आहेत. दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका, चार्जिंग सगळे आहे, खासगी मोटार नाही. केंद्राने जिथून हात काढला तिथे राज्याने हात का घालावा?

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला; महसूल फारसा येणार नाही आणि संदेश चुकीचा जाईल, असे कारण सभागृहात सांगण्यात आले. महसुलाचे ठीक. पण तीस लाखांची गाडी घेणारा माणूस एक लाख ऐंशी हजारांच्या करामुळे पेट्रोलकडे वळेल, हे मला तरी पटले नाही. आणि संदेश तर रिक्षावाल्यापर्यंतही जातच असतो.

तर रिक्षावाला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर शेअर रिक्षा चालतात, सवारी भरल्याशिवाय हलत नाहीत. निवृत्तीच्या सुमारास असाच एक चालक माझ्या टेबलासमोर दोन कोटेशन घेऊन बसला होता, एक सीएनजीचे आणि एक इलेक्ट्रिकचे. रोजच्या गॅसचा आणि विजेचा फरक त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर मांडून आणला होता आणि हिशेब बरोबर होता. इलेक्ट्रिकमध्ये त्याचा फायदा होता. तरी सही सीएनजीच्या अर्जावर झाली, कारण इलेक्ट्रिकला आमची बँक तीनच वर्षांची मुदत देत होती आणि व्याजही चढे होते. बँकेचे म्हणणे चुकीचे नव्हते. सीएनजी रिक्षा हप्ते थकल्यावर ओढून आणली तर तिला गिऱ्हाईक मिळते, परमिटसकट मिळते. चार वर्षे वापरलेल्या बॅटरीची रिक्षा किती रुपयांना जाईल हे सांगणारा बाजारच अजून नीट उभा राहिलेला नाही. ज्याची किंमत ठरत नाही ते तारण धरायला बँक बिचकते.

आकड्यात सांगतो. तीन लाखांचे कर्ज १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता १०,४०० रुपये. आपले तीस हजारांचे अनुदान वजा केले तर कर्ज दोन लाख सत्तर हजार आणि हप्ता ९,३६०. म्हणजे अनुदानाने हप्त्यातले हजारभर रुपये कमी झाले. तेच तीन लाख, अनुदान एक पैसाही न घेता, ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळाले तर हप्ता साधारण ६,५२० रुपये. जवळजवळ चार हजारांचा फरक. ज्याच्या घरात रोजचा गल्ला संध्याकाळी मोजला जातो त्याला हे चार हजार म्हणजे पोराची फी आहे. त्याला अनुदानापेक्षा मुदत हवी आहे, आणि मुदत बँक तेव्हाच देईल जेव्हा बुडीत कर्जाचा पहिला फटका कुणीतरी सोसेल.

ते ‘कुणीतरी’ शासन होऊ शकते. खासगी मोटारींसाठीचे दीडशे कोटी हमी निधीत ठेवा आणि प्रत्येक कर्जातला पहिला दहा टक्के तोटा त्यातून भरण्याची लेखी हमी द्या. त्या बळावर दीड हजार कोटींची कर्जे उभी राहतात. तीन लाखांप्रमाणे पन्नास हजार रिक्षा. आणि हे पैसे अनुदानासारखे वाटून संपत नाहीत. सगळीच कर्जे बुडाली तरच संपतील, आणि रिक्षावाले कर्ज बुडवतात हा समज बँकेत बसून मला तरी खरा वाटला नाही. थकवणारे वेगळेच असतात, त्यांच्याकडे आम्ही चहा घेऊन जायचो.

पिंक ई-रिक्षा योजनेची रचना पाहिली तर तिथेही गाठ इथेच आहे. शासनाचे वीस टक्के, त्या महिलेचे दहा, आणि सत्तर टक्के बँकेचे कर्ज. वीस टक्क्यांच्या घोषणेचे फलक लागतात, सत्तर टक्क्यांसाठी ती बाई जामीनदार शोधत फिरते. सिबिल स्कोअर नाही, कारण आजवर तिच्या नावावर काही घेतलेच नव्हते. महिला व बालविकास खात्याची योजना आहे, आपल्या खात्याची नाही, हे खरे. पण परमिट, बॅज आणि पासिंग आपल्याच खात्यात होते.

मालवाहू तीनचाकी आणि छोटा हत्तीच्या जागी येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांचेही असेच. जाधववाडीच्या भाजी बाजारातून पहाटे निघून शहरभर फिरणारी गाडी दिवसभर धावते आणि रात्री एकाच जागी उभी राहते, चार्जिंगला याहून सोयीचे काय हवे? पण मालकाचे घर दहा बाय बाराचे, मीटर भाड्याच्या खोलीचा, आणि घरमालकीण वायर बाहेर काढू देत नाही. त्याला रात्री उभे राहायला चार्जर असलेली एक जागा द्या, महापालिकेच्या वाहनतळात, बाजार समितीच्या आवारात. महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग हे धोरणातले कलम मोटारवाल्यांसाठी उत्तम आहे. या गाड्या महामार्गावर जातच नाहीत.

सोसायट्यांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरेच लिहून झाले आहे. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटवर दीड तास चर्चा झाली. आग लागली तर जबाबदार कोण, कॉमन मीटरचे बिल कुणी भरायचे, आज याला दिले तर उद्या सगळे मागतील. शेवटी विषय पुढच्या सभेवर. इथे रुपयाचेही अनुदान लागत नाही. स्वतंत्र मीटर घेऊन, विद्युत निरीक्षकाने मान्य केलेल्या पद्धतीने सभासद पॉइंट बसवत असेल तर सोसायटीला ठरावीक मुदतीत परवानगी द्यावी लागेल, एवढा स्पष्ट आदेश सहकार खात्याकडून काढून घ्या. मोटारवाल्यांना यातून मिळणारा दिलासा दीड लाखापेक्षा मोठा असेल, आणि तो त्यांना जरूर मिळावा.

आता एसटी. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. १ जून २०२२ ला एसटीची पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ त्याच मार्गावर धावली. योग चांगला जुळवला होता. त्यानंतर भाडेतत्त्वावरच्या ५,१५० बसचा करार झाला, बस ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये तो करार रद्द करण्याचे निर्देश देण्याची वेळ आपल्यावर आली. पुढे काय झाले, काय ठरले, हा वेगळा विषय. मला त्या कराराच्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे. त्यात कंपनीला पैसे बसच्या किमतीवर मिळत नाहीत, धावलेल्या किलोमीटरवर मिळतात. बस आगारात बंद पडून राहिली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. म्हणजे किलोमीटरवर पैसे देण्याची पद्धत आपल्या खात्याला नवी नाही. ती जिथे पैशाची चणचण आहे तिथे आहे, आणि जिथे सढळ हाताने पैसे वाटले जातात तिथे नाही.

या करारांत कंत्राटदार अडतो तोही बहुधा पैशाच्या खात्रीवर. महामंडळाकडे पगाराला पैसे नसतात तेव्हा किलोमीटरचे बिल वेळेवर निघेल यावर बस बनवणाऱ्याचा आणि त्याच्या बँकेचा विश्वास बसत नाही. महिलांचे अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास या योजना चांगल्या आहेत, त्यांची प्रतिपूर्ती महामंडळाला वेळेवर मिळाली की अर्धे दुखणे जाईल. बसच्या बिलांसाठी स्वतंत्र खाते उघडून त्यात तीन महिन्यांचे पैसे कायम ठेवा. अनुदानाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. आणि थोडे पैसे चालकांच्या प्रशिक्षणाला. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात इलेक्ट्रिक बसचा अपघात झाला तेव्हा चालकाला या बसचे शिक्षण किती दिले होते हा प्रश्न उभा राहिला. वर्षानुवर्षे क्लच-गिअर हाताळलेल्या पायाखाली एकदम वेगळी गाडी देणे हे बस खरेदीच्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र अनुदान कमी करताना सांभाळा. एक, ते अचानक बंद करू नका. जून २०२३ मध्ये केंद्राने दुचाकीवरची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली, आणि मे महिन्यात लाखाच्या वर गेलेली देशातली नोंदणी जूनमध्ये निम्म्याखाली आली. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांत अनुदान थांबवले, पुढच्या वर्षी तिथली इलेक्ट्रिक मोटारींची विक्री पाव हिश्श्याहून जास्त घसरली. आपण आजच जाहीर करा की खासगी मोटारीचे अनुदान या तारखेला एक लाख, त्या तारखेला पन्नास हजार, आणि नंतर शून्य. टोलमाफीलाही अशीच तारीख लावा. नॉर्वेचे नाव घेऊन जे लोक कायमच्या सवलती मागतात त्यांना सांगा की नॉर्वेनेही २०२३ मध्ये पाच लाख क्रोनच्या वरच्या किमतीवर व्हॅट लावला, आणि तो देश पेट्रोल मोटारींवर जबर कर लावून तिथे पोचला, ते आपण करणार नाही.

दुसरी गोष्ट, जे कबूल केले ते वेळेवर द्या. कोटेशनवर ‘शासन अनुदान वजा’ असे लिहून गाडी विकली जाते, मग अनुदान यायला उशीर होतो, आणि डीलर गिऱ्हाइकाला फोन करून तेवढी रक्कम आधी भरायला सांगतो. अशी माणसे माझ्याकडे टॉप-अप कर्ज मागायला आली आहेत. दहा हजारांच्या दुचाकी अनुदानासाठी दहा हजारांचे कर्ज! फूड डिलिव्हरी करणारी पोरे होती ती, स्कूटर त्यांचे पोट होते. दुचाकीचे अनुदान ठेवायचेच असेल तर या पोरांसाठी ठेवा, आणि थेट त्यांच्या खात्यात, नोंदणी झाल्यापासून तीस दिवसांत.

धोरणाच्या पोर्टलवर दर महिन्याला एक तक्ता टाकता आला तर पाहा. कोणत्या प्रकारच्या किती वाहनांना किती अनुदान दिले, किती थकीत आहे, कोणत्या जिल्ह्यात, आणि टोलमाफीपोटी कोणत्या नाक्याचे किती पैसे शासनाने भरले. नाक्यावर फास्टॅगची नोंद असतेच, त्यामुळे वेगळी माहिती गोळा करायची गरज नाही. त्या तक्त्यात मोटार, रिक्षा आणि बस असे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवा. माझा वरचा हिशेब चुकला असेल तर त्यातून लगेच दिसेल, आणि तसे आपल्या कार्यालयाने कळवले तर मी ते आनंदाने मान्य करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
छत्रपती संभाजीनगर